वासूचा पदर

हरमल, मंगळवार, १७ नोव्हेंबर १९८७

म्हापशाला जाऊन वासूचा सिनेमा एकदाचा पाहिला. बारा वर्षं आमच्या दशावतारात साडी नेसून राणी झालेला हा माणूस, आणि सिनेमात झालाय काय, तर दर्यावर मासे मारायला जाणारा पागी! राजा मी व्हायचो. होडीत जन्म गेला तोही माझा. पण सिनेमावाल्यांनी मला बोलावलं ते वासूला वल्हं धरायला शिकवायला. शेवटपर्यंत चुकीचंच धरलंय त्याने. बरं वाटलं.

मग सिनेमात त्या पाग्याचा मुलगा बुडाल्याची बातमी येते. वासूचा हात सवयीने खांद्याकडे गेला, पदर सावरायला. पदर कुठला? हात तसाच खाली आला. मी हसणार होतो, पण थिएटर चिडीचूप. शेजारी बायको डोळे पुसत म्हणाली, "तो रडलो नाय, पण माका रडू इला."

बारा वर्षं तो पदर माझ्यासमोर सावरला त्याने. मला ती नुसती खोड वाटायची. डायरेक्टरला एकदाच दिसली आणि त्याने ती ठेवली!

आत्ता बायको स्वयंपाकघरात असताना आरशासमोर उभा राहून मीही हात खांद्याकडे नेला. दोनदा नेला. दोन्ही वेळा खांदा खाजवल्यासारखंच दिसलं.