जिनोआच्या कोर्टात ठेवलेला नारळ

पनवेल,
शनिवार, ४ डिसेंबर १९९३

प्रिय दीपेश,

काल दुपारी तुझ्या वकील पारोदीबाईंचा फॅक्स आला. अपिलाची मुदत गुरुवारी, नऊ तारखेला संपते. कोर्टाच्या कचेरीत स्वतः जाऊन त्यांनी खात्री करून घेतली आहे. बुधवारी तिकडे मेरीमातेच्या सणाची सुट्टी आणि तुरुंगात तुला भेटायची त्यांना परवानगी मंगळवारची. म्हणजे मंगळवार एवढाच आपला. फॅक्सच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘तुमचा भाऊ सही करत नाही. मी माझ्या सहीने अपील केलं तर तेही रद्द करीन म्हणतो. तुम्ही काहीतरी लिहा.’ स्टेशनसमोरचा बूथवाला हल्ली कागद उलटा करून माझ्या हातात देतो. त्याने वाचलंय हे मला कळू नये म्हणून.

तेव्हा लिहिते आहे. सोमवारी सकाळी हे पत्र त्याच बूथवरून जाईल आणि मंगळवारी बाई तुझ्या हातात देतील. अक्षर मोठं काढते आहे, फॅक्सवर फुटतं.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण खाडीवर जायचं सोडत नाही. तू जहाजावर आहेस असंच ती अजून उलव्यात सांगते आणि लोकही तिला तसंच विचारतात, ‘पोरगा कंच्या बंदरात हाय?’ ती म्हणते, ‘जिनोआत.’ खोटं नाहीच ते.

माझ्या कॉलेजात एक नवीन प्रकार सुरू आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी इटलीची न्यायव्यवस्था शिकवते. प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगितलं की दुसऱ्या देशाचा कायदा कळला की आपला जास्त कळतो, बारा तास द्या. ते हसले. ‘शकुंतलाबाई, या पोरांना पनवेलचं कोर्ट कुठे आहे ते दाखवा आधी.’ तरी दिले. खरं कारण तुला सांगते. एकटी वाचत बसले की काही डोक्यात शिरत नव्हतं, ओळ संपेपर्यंत तुझा चेहरा यायचा. चाळीस मुलांसमोर उभं राहिलं की समजून घ्यावंच लागतं.

म्हणून ऑगस्टपासून शिकवते आहे. फळ्यावर तीन पायऱ्या काढते. खाली पहिलं कोर्ट. तुझ्यासारख्या प्रकरणात तिथे एकटा न्यायाधीश बसतो, त्याला प्रेतोरे म्हणतात. मधे अपील कोर्ट. वर रोममधलं कास्सात्सिओने, ते घडलं काय यात शिरत नाही, कायदा नीट लावला की नाही एवढंच बघतं. तिकडे न्यायाधीश वकिलांतून घेत नाहीत, परीक्षा देऊन तरुणपणीच होतात, आणि सरकारी वकीलही त्यांच्याच पंगतीतला. सगळं काही संहितेत लिहिलेलं. आधीच्या निकालांना मान असतो, पण ते बांधून ठेवत नाहीत. हे सांगितल्यावर उदयसिंह नावाचा एक उंच मुलगा मागून ओरडला, ‘मॅडम, म्हणजे केसेस पाठ करायला नकोत? आम्हाला तिकडेच पाठवा!’ वर्ग टाळ्या पिटत होता. मीही हसले, आणि मग खडू शोधायचं निमित्त करून फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

त्यांच्या घटनेत सत्ताविसावं कलम आहे. अंतिम निकाल लागेपर्यंत आरोपीला दोषी समजता येत नाही. अंतिम, दीपेश. म्हणजे शिक्षा सुनावली असली तरी आज, शनिवारी, तू त्या देशाच्या लेखी दोषी नाहीस. सही केलीस तर पुढेही नसशील. नाही केलीस, तर शुक्रवारी सकाळी झोपेतून उठशील तेव्हा दोषी झालेला असशील, आणि कोणी येऊन तुला तसं सांगणारसुद्धा नाही.

दिपिका म्हणून एक मुलगी पहिल्या बाकावर बसते, ओवे गावची, आपल्यातलीच. तिने परवा विचारलं, ‘पण मॅडम, आरोपीनेच कबूल केलं असेल तर अपील कशाचं करणार?’ वर्गाला उत्तर दिलं की कबुली हा एक पुरावा आहे, न्यायाधीशाने तो इतर पुराव्यांशी ताडून बघायचा असतो. तिने मान हलवली, पण पटलं नव्हतं. तीही गावकीत वाढलेली.

निकालाची चौदा पानं चर्चमधल्या फादरांनी मला मराठीत वाचून दाखवली. ते सहा वर्षं रोमला होते. नवव्या पानावर ते थांबले, चष्मा पुसला. तिथे लिहिलंय की मृताची पत्नी साक्ष देत असताना आरोपी उठून उभा राहिला, हात जोडले आणि चूक आपली असल्याचं दुभाष्यामार्फत सांगितलं. न्यायाधीशाने पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच सांगितलंस. पुढची पाच पानं फादर वाचत होते, पण मला ऐकू आली नाहीत. मला आपल्या गावदेवीसमोरचा पार दिसत होता. पंच बसलेत, ज्याच्यावर आळ तो नारळ घेऊन उभा राहतो, ‘माजी चूक जाली’ म्हणतो, नारळ ठेवतो, आणि प्रकरण मिटतं. मग कोणी काही विचारत नाही. विचारायचं नसतंच. तू जिनोआच्या कोर्टात नारळ ठेवलास, बाळा. पण त्या लोकांना नारळ माहीत नाही. त्यांनी कबुली म्हणून लिहून घेतलं आणि दोन वर्षं आठ महिने दिले.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रमेश घरी आला होता, तुझ्या केबिनमधला. मिठाईचा पुडा उंबऱ्यावरच ठेवला आणि आत येईना. बाबा म्हणाले, ‘ये रं, बस.’ तो बसला आणि रडायलाच लागला. ‘ताई, त्या दिवशीची पाळी माझी होती. मला ताप होता. दीपेश म्हणाला, तू झोप, मी बघतो.’ मग सगळंच सांगितलं त्याने. डेकवरच्या त्या भोकाभोवतीची साखळी तीन दिवस तुटलेली होती. तुम्ही दोघांनी दोनदा अधिकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, दोरी बांधा आणि गप्प बसा. गोदीतला तो माणूस त्या दोरीला टेकला आणि खाली गेला. चौदा पानांत साखळी हा शब्दच नाही. मी फादरांना पुन्हा शोधायला लावलं. तू ‘माझी’ म्हणालास आणि पुढचं विचारायचं सगळ्यांचंच राहून गेलं. रमेशने हे सगळं इथे नोटरीसमोर लिहून दिलंय. बाई म्हणतात, अपील कोर्ट नवा पुरावा घेऊ शकतं.

तुला वाटतं आता मागे फिरणं म्हणजे त्या माणसाच्या बायकोला फसवणं. मागच्या पत्रात तू लिहिलंस, ‘ताय, तिच्यासमोर हात जोडलेत, आता नाय फिरनार.’ मी त्यावर खूप विचार केला. तिचा नवरा गेला. तिला कोणीतरी खरं सांगायला हवं की साखळी का नव्हती. ते तू तुझ्या हात जोडण्याखाली झाकून टाकलंस. आणि तेच जहाज आज कुठल्यातरी बंदरात उभं आहे. तिथे साखळी लागली की अजून दोरीच आहे, कोणाला माहीत?

शिक्षा वाढेल अशी भीती असेल तर तीही काढून टाक. फक्त आरोपीनेच अपील केलं तर त्यांना शिक्षा वाढवता येत नाही. दोन वर्षांवर किंवा त्याखाली आली तर स्थगितही करता येते, म्हणजे तू घरी. मला रोज पहाटे जाग येते ती या आकड्याने. आठ महिने. आठच महिने कमी व्हायला हवेत. आणि तू आडवा पडून राहिला आहेस, दारात पडावं तसा.

आता खरं ते लिहिते. उघाडीचं, खाडीचं पाणी अडवायच्या त्या बांधातल्या दाराचं. आपण दोघं त्यावर बारा वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. पाळी आपल्या घराची होती. बाबा मिठागरावर, तू शाळेत. भरतीच्या आधी फळी टाकायची म्हणून मी बांधावर बसले होते, मांडीवर परीक्षेचं पुस्तक. मान वर केली तेव्हा खारं पाणी अकरा घरांच्या भातात शिरलं होतं. संध्याकाळी पारावर विचारलं, पाळीला कोण होतं? माझे पाय उठेनात. तू उठलास. ‘माजीच चूक जाली. मी नाय टाकली फली.’ पंधरा वर्षांचा होतास. त्यांनी तुला वर्षभर उघाडीची राखण दिली. दहावीची परीक्षा त्यात गेली, मग बोटीवर गेलास. मी दुसऱ्या दिवशी पेपर द्यायला पनवेलला गेले. कायदा शिकले, वशिल्याशिवाय नोकरी मिळवली, लोक कौतुक करतात. तू उठलास त्याने मिटलं काहीच नाही, दीपेश. फक्त मला कोणी विचारलं नाही.

गेल्या रविवारी मी नारळ घेऊन पारावर गेले. बाया तिथे उभ्या राहत नाहीत, तरी उभी राहिले. सगळं सांगितलं. कोणी हसलं. दादू पाटील म्हणाले, ‘बारा वर्सांनी निवाडा उघरतं का कोन?’ मी म्हटलं, ‘उघडा.’ बराच वेळ कुजबुज झाली. मग ते म्हणाले, ‘पोराचा नारल परत. हा पोरीचा.’ गावकीने आजवर कधीच निवाडा फिरवला नव्हता, हा फिरवला. त्यांनी तुझ्या नावाने परत दिलेला नारळ आईने देव्हाऱ्यात ठेवलाय. बाबा तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. ताट ओटीवर नेतात. बोलतील किंवा नाही बोलणार, पण मिटलेलं उघडता येतं हे तुला आता मी नुसतं पुस्तकातून सांगत नाही. मंगळवारी अकरा वाजता पारोदीबाई येतील. कागद तयार आहे, त्यावर सही कर आणि तो तुरुंगाच्या डायरेक्टरच्या हातात दे. कैद्याने तिथे दिला की कोर्टात दिल्यासारखाच धरतात. तेव्हा इकडे साडेतीन वाजलेले असतील. माझा तास अडीचला आहे, अपिलाचाच. तो संपवून मी बूथवर येऊन बसेन. बाई तुरुंगातून बाहेर पडल्या की फोन करतील, आणि पहिला शब्द हो की नाही तेच सांगतील, असं आमचं ठरलं आहे.

तुझीच,
शकूताई