मालक : राखणदार

रवि., ९ फेब्रु.
भांडुप. परबकाकांच्या चाळीमागच्या वीरगळाचं पान माझ्या नोंदवहीत अखेर भरलं. कमरेइतका दगड, खाली लढाई, वर स्वर्ग, सगळ्यावर शेंदराचा जाड थर. काकांनी चपला काढूनच मापं घ्यायला लावली. ‘मालक’ या रकान्याशी अडले.
“आमी खंयचे मालक गो? तो आमचो राखणदार.”
तसंच लिहिलं. मालक : राखणदार. चाळ तोच सांभाळतो, अशी सगळ्यांची श्रद्धा. काकांची अट एकच, जागा कुणाला कळता कामा नये. चाळ पाडायचं घाटतंय, बिल्डरच्या डोळ्यावर यायला नको. शब्द दिला.

मंगळ., ११ फेब्रु.
मीनल मुलुंडला घरी आली. वही दिली. ती अंधेरीत बसून एका परदेशी विद्यापीठासाठी अशा दगडांची यादी करते. कॉलेजपासूनची मैत्रीण, म्हणून दिली. चार वर्षं उन्हातान्हात फिरून भरलेली वही दुसऱ्या कुणाला दिली नसती.
थालीपीठ खाता खाता देशोदेशीच्या गप्पा. डेन्मार्कात जुन्या अवशेषांचा नकाशा सगळ्यांना खुला. अमेरिकेत बऱ्याच जागा झाकून ठेवतात, लोक चोरून खणतात म्हणून. जपानात बांधकामाआधी नगरपालिकेचा नकाशा बघावा लागतो. आपल्याकडे? “तुझी वही!” दोघी हसलो.
काकांची अट सांगितली. “अगं हो गं बाई, पत्ता गाळते.”

शनि., १ मार्च
यादी नेटवर आली. आपला वीरगळ उघडला. नकाशावर लाल खूण, थेट चाळीच्या मागे. मोठं केलं तर काकांची तुळसही दिसते.
नोंद करणारी व्यक्ती : मीनल. माझं नाव कुठेच नाही. आणि ‘मालक’पुढे इंग्रजीत केअरटेकर! सासर मालवणचं हिचं, राखणदार माहीत नाही?
फोन केला. “जागेशिवाय नोंद घेतच नाहीत, वसू. नावाला रकाना एकच होता. आणि राखणदार म्हणजे राखणारा, तेच ना?”
मग म्हणाली, “तू फार मनाला लावून घेतेस यार.”
फोन ठेवला. तीस वर्षांची मैत्री.

गुरु., ६ मार्च
वाट लागली. बिल्डरचा माणूस यादीचं प्रिंटआउट घेऊन चाळीत. दगड त्यांच्या गेटच्या रस्त्यात येतो. नव्या टॉवरच्या लॉबीत ठेवणार, वर दिवे सोडून. यादीत मालक ‘केअरटेकर’, म्हणून त्याचीच ना हरकत जोडलीय. सही कुणाची, तर चाळीच्या फाटकावरच्या वॉचमनची! महिन्यापूर्वी लागलाय तो. त्याला वाटलं, हजेरीचा कागद असेल.
हसू येण्यासारखं आहे. आलं नाही.

रवि., ९ मार्च
काकांकडे गेले. चहा विचारला नाही. एरवी नको म्हटलं तरी कप पुढे यायचा.
“तू लिवलंस म्हणान तेंका गावलो.”
मीनलने केलं, मी म्हणाले. मैत्रीण कुणाची, काकांनी विचारलं.
परतताना रिक्षात रडले. मला फसवलं, आणि काकांच्या लेखी मीच फसवणारी. दोन्ही खरं आहे.

मंगळ., ११ मार्च
मीनलला लांबलचक मेसेज. नोंद काढ, म्हणून. उत्तर : “नोंद काढता येत नाही, फक्त दुरुस्त करता येते.” पुढे हात जोडलेला इमोजी.

रवि., १६ मार्च
वीरगळ नाही.
चाळीमागे नुसता खड्डा. बिल्डरचा माणूस कपाळाला हात लावून उभा. त्यांनी नेलेला नाही, उलट तेच शोधतायत. चाळीत कुणालाच काही ठाऊक नाही. बायका मान खाली घालून तांदूळ निवडत होत्या.
काकांना हळूच विचारलं, “कुठे ठेवलात?”
“तुका नाय सांगूचंय.”
बरोबर आहे त्यांचं. तरी लागलं.
घरी येईस्तोवर मीनलचे दोन कॉल. मग मेसेज : “ऐकलं मी. नवी जागा कळव ना, अपडेट करते. या वेळी तुझंही नाव टाकू.” यादीत अजून लाल खूण तिथेच, स्थिती : उत्तम.
उत्तर दिलेलं नाही.
चाळीतून निघताना एका घराच्या उंबऱ्यावर शेंदराची बोटं उमटलेली दिसली, ओली. कुणाचं घर ते इथेही लिहीत नाही.