बाबांचं स्पॅनिश विशेषण

बाबा, तुमचा एक शब्द परवा पुंडलिकनगरच्या घरात पुन्हा आला. खालच्या मजल्यावरची मुलगी स्पॅनिश शिकते आहे; तुमच्यासारखंच तिला वेरूळला गाइड व्हायचंय. म्हणाली, "आजी, सिंपातिको म्हणजे सहानुभूती असणारा ना?" मी म्हटलं, "चूक." शिकवायची सवय जात नाही.

मीही एकदा तेच सांगितलं होतं. कॉलेजात होते, सुटीत तुमच्यासोबत लेण्यांत आले होते. चैत्यगृहात तुम्ही नेहमीसारखं 'बुद्धं सरणं' म्हणता, छताच्या दगडी फासळ्यांतून आवाज घुमत राहतो, आणि स्पेनहून आलेली एक म्हातारी रडायला लागते. तुम्ही माहिती सांगायची थांबवून तिच्याशेजारी खाली बसता. नुसते बसता. सगळे खोळंबलेले. मी कानाशी येऊन म्हणते, "बाबा, पुढची लेणी राहतील."

"राहू दे की. हजार वर्षं थांबल्यात, आजून घटकाभर थांबतील. तूच लई घाईची."

निघताना ती तुम्हाला सिंपातिको म्हणाली. परतीच्या एसटीत मी इंग्रजीच्या जोरावर अर्थ लावला, सहानुभूतीवाला. तुम्ही हसलात. "नाय गं. सहानुभूती उभ्यानं बी दाखवता येती. ज्याच्यापाशी बसावं वाटतं, तो सिंपातिको. बाई असली की सिंपातिका." मूळ ग्रीक, सोबत सोसणं, स्पेनपर्यंत जाता जाता त्यातलं सोसणं गळालं आणि सोबत उरली, हेही तुम्हीच सांगितलंत. रूपाशी त्याचा संबंध नाही. एखादं कुत्रंही सिंपातिको असतं.

मग आमच्या घरात तो शब्द रोजचाच झाला. भाकरी थापता थापता आई विचारायची, "आज कोण भेटलं तुमचं सिंपातिको?" तुम्ही तो ड्रायव्हरला द्यायचात, चहावाल्या मावशीला द्यायचात. "आन् मी?" आई म्हणायची. "तू तर लईच!" मला म्हणायचात हुशार, शिस्तीची. मी कधी विचारलं नाही. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, आणि 'नाय' ऐकायची माझी तयारी नव्हती. पुढे तुम्ही गेलात आणि विचारायची सोयच उरली नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. परवा त्या मुलीला हे सगळं सांगितलं. चहा संपला तरी तिचं उठायचं नाव नाही. म्हणाली, "मग आजी, बाबा तुम्हाला म्हणायचे का सिंपातिका?"

मी कप उचलले. म्हटलं, "रोज."