अवसेचं सूप

आये, तुझी नात आजारी आहे. तू गेलीस तेव्हा ती नुकती पाऊल टाकायला लागली होती आणि तू खाटेवर पडल्या पडल्या तिच्याकडे हात पसरायचीस. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे आणि तिला धरून बाथरूमला न्यावं लागतं. रक्ताचा आजार. "घरी न्या, आवडेल ते खायला द्या," डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याचा अर्थ मला कळला, आणि तिलाही. रिक्षा घराजवळ, खांदा कॉलनीत आली. मग तीच म्हणाली, "मम्मी, आवडेल ते म्हणजे काहीही ना? मग मला तोकगुक कर."

आता हे काय, ते ऐक. चीनच्या पलीकडे कोरिया म्हणून देश आहे. तिकडच्या मालिका बघून बघून ही पोरगी अर्धी तिकडचीच झालीय, मेली भाषासुद्धा शिकली. त्यांच्या नव्या वर्षाला घरोघरी हे सूप करतात. आपला अळणी रस्सा असतो ना, तसाच, आणि त्यात तांदळाच्या पिठाच्या चकत्या. ते खाल्लं की माणूस एका वर्षाने मोठं होतं म्हणे. हे तिने मला हसत हसत सांगितलं. मी दूध उतू जातंय म्हणून आत पळाले. गॅसवर काही नव्हतं.

तांदळाचं पीठ म्हटल्यावर मला वाटलं, त्यात काय एवढं! गावी, गव्हाणला, आपल्या चुलीपुढे तुझ्या हाताखाली भाकरी शिकले मी. पाणी उकळायच्या आधी पीठ टाकलं की तुझ्या उलथन्याचा फटका बसायचाच. "पानी खलखल उकलू दे गो! सासू तोंडावर फेकंल तुझी भाकर." तशीच उकड काढली, मळली, वळकट्या करून तिरप्या चकत्या कापल्या आणि सोडल्या उकळत्या रश्श्यात. बघता बघता सगळं विरघळलं. तिने चमचा फिरवला आणि म्हणाली, "मम्मी, ही तर पेज झाली."

आये, तुला शेवटी पेजच भरवत होतो आम्ही. मी वाटी तिच्या हातातून हिसकावली आणि पातेल्यातल्यासकट सगळं सिंकमध्ये ओतलं. ती घाबरून बघत राहिली.

मग तिने मोबाईलमध्ये बघून सांगितलं. पीठ आधी मोदकासारखं वाफवायचं, गरम असतानाच कुटायचं, वळकट्या सुकू द्यायच्या, मग कापायच्या. मी खाली बसून खलबत्त्यात कुटतेय, हाताला चटके बसतायत, आणि ही पलंगावरून हुकूम सोडतेय, "अजून कुट! चिवट झालं पाहिजे." खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर आली. "अहो, काय चाललंय काय? सीलिंग पडेल आमचं!" मग तिला पलंगावरची पोर दिसली. "चालू दे, चालू दे," म्हणाली आणि चप्पल न घालताच खाली गेली.

या वेळी जमलं. वाढायला घेतलं तर ही म्हणते, "पहिली वाटी आजीच्या फोटोपुढे ठेव. तिकडे आधी गेलेल्यांना वाढतात, मग घरचे खातात." आणि आये, त्यांचं नवं वर्ष त्याच दिवशी होतं, म्हणजे आपली पौषातली अवस. "ठेवते," म्हणाले आणि वाटी घेऊन आतल्या खोलीत गेले. बाहेर तिने दोन-चार चकत्या खाल्ल्या, तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला, झाले मोठी." लगेच डोळा लागला तिचा.

ती वाटी मी तुझ्यापुढे ठेवली नाही. कपाटाआड उभी राहून मीच गटागटा संपवली, जीभ भाजली. अवसेला वाढलेलं बघून तू आली असतीस, आणि नातीला या हालात बघून तू तिला इथे ठेवली नसतीस. मला माहीत आहे ना तुझी माया. हे पत्रसुद्धा फोटोमागे ठेवत नाही, फाडून टाकते. रागावू नको. तुझी फार आठवण येते गं, पण येऊ नकोस.