डावखुऱ्या पिचरच्या बदल्यात

आई, आधी आशीर्वाद दे.

मी बरा आहे. बाहेर बर्फ आहे, पण खोली उबदार आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या बेसबॉल संघाला डाव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर हवा होता, तो मिळाला. बदल्यात त्यांनी एका मोठ्या शहराच्या संघाला आमच्यातल्या रामिरोला दिलं, आणि सोबत मलाही. "मला का?" असं विचारल्यावर मॅनेजर हसले, "अरे, भाजीवर कोथिंबीर मागतात ना, तसं. फुकट!"

नव्या संघाला फोन लावला, म्हटलं मी चेंडू झेलणारा कॅचर, कधी येऊ? "कॅचर? तीन आहेत आमच्याकडे. तू येऊच नकोस," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मोठ्या शहराच्या संघाने मला घेतलं, हे रेडिओवर ऐकून बाबा बोकड कापणार आहेत म्हणे. अडवू नकोस. गल्लीला पोटभर जेवू घाल. फक्त मी परत घरी पोचायच्या आत सगळे जेवून गेलेले असू देत.

तुझाच,
एल्विडो