करिया भुंकायचा थांबला

४ नोव्हेंबर, सोमवार
आलो एकदाचा मळमड्डीला. खानापूरहून आलेल्या टेम्पोतून उतरलो, घर बघितलं आणि जीव थंडावला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं पेरूचं झाड. सावनीनं बेंगळुरात बसून फोनवर घर ठरवलं म्हणून मी लेकीवर कुरकुरलो होतो. ती कुरकुर परत घेतो. रिटायर झालेल्या गणिताच्या मास्तराला आणखी काय लागतं? विमलाला जाऊन आठ महिने झाले. तिची वेताची खुर्ची माझ्या खुर्चीसमोर मांडली. दिवेलागणीला तिच्यासारखंच केलं: मागचं दार लावलं, देवापुढं निरांजन लावलं, पुढचं दार सताड उघडलं. लक्ष्मी पुढून येते, ती मागून निघून जाऊ नये, असं म्हणायची. चौतीस वर्षांच्या संसारात एक दिवस चुकवला नाही तिनं. मग मी कसा चुकवू?

तेवढ्यात शेजारचा कुत्रा सुरू झाला.

७ नोव्हेंबर
कुत्र्याचं नाव करिया. काळाकुट्ट, एक कान फाटका. मालकीण जयलक्ष्मीअक्का, सत्तरीच्या, एकट्याच. दिवसभर तो भुंकतच असतो, पण मी दिवा लावून दार उघडलं की कुंपणाशी येऊन जे सुरू करतो, ते मी दार लावेपर्यंत. घसा कसा बसत नाही मेल्याचा, देव जाणे. कानात कापूस घालून पेपर वाचला. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच, हेही खरं.

११ नोव्हेंबर
करियाची तक्रार घेऊन अक्कांकडं गेलो. त्यांनी उपीट दिलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत म्हणाल्या की मास्तर, या गल्लीत तिन्हीसांजेला पुढचं दार कुणी उघडत नाही; तुम्ही उघडता म्हणून तो भुंकतो, त्याला दिसतं. काय दिसतं, ते सांगितलं नाही. मला हसू आलं. विमलाची रीत मी एका कुत्र्यासाठी मोडणार नाही, म्हणालो. डॉक्टरांची रक्तदाबाची चिठ्ठीही दाखवली. जरा जोरातच बोललो. घरी आल्यावर वाईट वाटलं, उपीट चांगलं होतं.

१४ नोव्हेंबर
अक्कांनी करियाला कलघटगीला, भावाच्या शेतावर पाठवून दिलं. त्यांचे डोळे भरले होते; मी न बघितल्यासारखं केलं. संध्याकाळी दार उघडलं. काय ती शांतता. वात चरचरलेलीसुद्धा ऐकू आली. जेवायला उठताना विमलाच्या खुर्चीवर हात टेकला. बैठक गरम होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

१५ नोव्हेंबर
आजही गरम. खुळा म्हणा हवं तर, पण मी रडलो. तासभर तिच्याशी बोललो. सावनीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा घरात कुणीतरी आहे असं वाटलं. झोप छान लागली.

१७ नोव्हेंबर
खुर्ची गरम. स्वयंपाकघरातला पाटही.

१८ नोव्हेंबर
खुर्ची, पाट, कॉटचे दोन्ही कोपरे. सकाळीही ऊब जात नाही. एवढ्या जागी एक बाई बसत नाही.

विमला नाही ही.

रोज मी दार उघडतो — रोज कुणीतरी आत येतं — आणि मागचं दार मीच लावून घेतलेलं. ते जाणार कुठून?

१९ नोव्हेंबर
आज पुढचं दार उघडलं नाही. मागचं उघडायला गेलो. कडीही गरम. जोर केला — हलत नाही — पलीकडून नाही, याच बाजूनं कुणीतरी धरून ठेवलीय.

खिडकीतून अक्कांना सांगितलं की करियाला आणा, पाया पडतो. उद्या आणते म्हणाल्या. बोलताना माझ्या खांद्यामागं बघत होत्या.

२० नोव्हेंबर
आता माझीही खुर्ची गरम. उभ्यानं चहा प्यालो. माणसं हवीत, माणसं हवीत म्हणून झुरत होतो, आणि आता घरात मला टेकायला जागा नाही.

वही घेऊन बाहेर पायरीवर आलो. दार मागून लागलं. मी लावलं नाही.

संध्याकाळ
करिया आला. अक्कांच्या भावानं, राघवेंद्रनं, साखळी धरलीय. किती बरं वाटलं. मी हात पुढं केला —

तो घराकडं बघत नाही. माझ्याकडं बघून भुंकतोय.

अक्का भावाला विचारतायत की पायरीवर तर कुणी नाही, मग हा कुणावर भुंकतोय. मी इथं आहे म्हणालो. ओरडून म्हणालो.

अक्का माझ्या अंगावरून — माझ्यातून — दाराशी गेल्या. थाप मारली. आतून कुणीतरी माझ्या आवाजात या म्हणालं. एकटाच आहे, चहा टाकतो, म्हणालं.

दार आतून उघडलं. मी अक्कांचा पदर धरतोय — हातात येत नाही — अक्का, आत जाऊ न—