मेलं म्हणजे काय

माय, माझी लेक जाऊन सात महिने झाले. तू तिला पाहिलंच न्हाईस. तिची चार वर्षांची पोरगी आता माझ्यापाशी असते. रोज एकच विचारायची, "आज्जी, मम्मी मेली ना? मग कव्हा येणार हाय?" शब्द तिला येत होता, त्यातलं सगळं येत नव्हतं. ते शिकवायचं माझ्याच गळ्यात पडलं. मी काय मास्तरीण आहे?

मला तरी कुठं लवकर कळलं होतं. आपल्या कळपात एखादं कोकरू मेलं की बाबा त्याचं कातडं सोलून दुसऱ्या, पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचे. मेलेल्याची माय ते हुंगायची आणि आपलंच समजून पाजायची. चार दिवसांनी कातडं काढलं तरी तिला चालायचं. मी पाच वर्षांची. माझ्या लेखी मेलं म्हणजे एवढंच, थोडं ओरडायचं आणि मग दुसरं घ्यायचं.

म्हणून तर माझा तान्हा भाऊ गेला आणि तू चुलीपाशी बसून राहिलीस, चोळी दुधानं भिजलेली, दोन दिवस पोटात घास न्हाई, तेव्हा मी त्याचं झबलं घेऊन तुझ्याकडं आले. म्हटलं, "काकीचं लेकरू आणू. ह्याचं झबलं त्याला घालू. मग तू जेवशील." तू फाडकन मुस्कटात दिलीस. मला वाटलं, झबल्याला हात लावला म्हणून मारलं. पुढं काकीनं पाळणा मागून नेला तेव्हा थोडं कळलं. दिवाळीला माझ्या एकटीचेच कपडे आले तेव्हा आणखी थोडं. तू गेलीस तेव्हा वाटलं, आता पुरतं कळलं. कशाचं काय! लेक गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू. जीव नकोसा झालाय, माय.

शिरडच्या बाजारात लेकीसारखी कुणी पाठमोरी दिसली की पोरगी हात सोडून पळायची. काल तशीच एक दिसली, तीच चण, तसाच अंबाडा. मी पोरीचा हात घट्ट धरला. ती जागची हलली न्हाई. म्हणाली, "ती न्हाई आज्जी. मम्मी मेली ना." एवढं बोलून बोरं बघत बसली. कव्हा येणार, ते विचारलंच न्हाई.

हे तुला पोचायचं न्हाई, ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुणाला सांगू? पोरीला तिथंच बोरांपाशी उभी करून मी त्या बाईच्या मागं गेले, तिचं तोंड दिसेपर्यंत.